मी, विजेच्या गाडीची काढून टाकलेली काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. जुनी म्हणजे किती, तर सव्वातीन वर्षांची. तुमच्या घरातले चमचेसुद्धा माझ्याहून वडील असतील. पण आम्हा गाडीच्या काचांचं वय वर्षांत मोजत नाहीत. गाडीत आहे तोवर तरुण आणि गाडीतून काढली की म्हातारी, असा आमचा हिशेब. मला काल काढलं. आता मी काचेच्या दुकानामागच्या भिंतीला टेकून उभी आहे. शेजारी एक फुटकं बेसिन आहे, ते सकाळपासून स्वतःचं रडगाणं गातंय. त्याला गप्प बसवून मी तुम्हाला माझी गोष्ट सांगते. गोष्ट गोड नाही बरं का. गोड हवी असेल तर एखाद्या कपबशीकडे जा.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू वितळवून दोन पातळ काचा केल्या, मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा घातला, आणि तापवून, दाबून आमची एकच काच केली. त्या पापुद्र्यामुळे फुटले तरी मी विखरत नाही. माणसं याला सोय म्हणतात. फुटल्यावरही सगळ्यांसमोर तसंच उभं राहावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार?

मला एका मोठ्या, विजेवर चालणाऱ्या गाडीला बसवलं. काय तिचा थाट होता! धूर नाही, घरघर नाही. आरशाच्या मागे, माझ्या कपाळावर, एक कॅमेरा चिकटवला होता. तो माझ्यातून रस्ता बघायचा, रस्त्यावरचे पट्टे ओळखायचा, आणि समोर कुणी आडवं आलं तर गाडी स्वतःच ब्रेक लावायची. म्हणजे गाडीचे डोळे तो कॅमेरा आणि त्याचा चष्मा मी. मला फार गर्व होता, कबूल करते. मागच्या काचेशी मी वर्षभर बोललेसुद्धा नाही.

गाडी ज्या घरात आली तिथे तीन माणसं होती. एक मालक. पंचेचाळिशीचे, मोठ्या हुद्द्यावरचे, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दुसरी त्यांची बायको. ती एका बँकेत होती. आणि तिसरे मालकांचे वडील. त्यांना सगळी गल्ली आजोबा म्हणायची, म्हणून मीही आजोबाच म्हणते. आजोबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. एकतीस वर्षांत एक अपघात नाही, एक ओरखडा नाही. ते निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या लोकांनी त्यांना स्टीलचं एक जाडजूड मनगटी घड्याळ दिलं होतं. ते झोपतानासुद्धा काढायचे नाहीत.

आजोबांची एक सवय होती. त्यांच्या डेपोत म्हणे असा रिवाज होता, की काच बाहेरून कुणीही पुसावी, पण आतून ज्याने गाडी चालवायची त्यानेच पुसायची. त्यामुळे रोज सकाळी जुन्या बनियनचं फडकं घेऊन ते आत बसायचे आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचे. घाई नाही, दडपण नाही. मध्येच थांबून तोंडाची वाफ सोडायचे आणि पुन्हा पुसायचे. "स्वच्छ बाई आहेस," असंही म्हणायचे. माझं असं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही. मालक तर माझ्यावर पावत्या चिकटवायचे.

मालकांना ऑफिसची गाडी यायची. त्यामुळे रोज सकाळी आजोबा सूनबाईंना बँकेत सोडायचे आणि घरी यायचे. पण त्यांचा खरा दिवस बुधवार. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात त्यांची थोरली बहीण होती. आक्का. वय चौऱ्याऐंशी. तिला भेटायला आजोबांशिवाय काळं कुत्रं जात नव्हतं. तिथे जायला बस नाही, रिक्षावाले नको म्हणतात. बुधवारी आजोबा आक्काला पुढच्या सीटवर बसवायचे आणि तासभर फिरवून आणायचे. गाडी ताशी वीसच्या वर जायची नाही, तरी आक्का ओरडायची, "हळू चालव मेल्या, मला मारतोस की काय!" आणि आजोबा वीसवरून पंधरावर यायचे. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. आक्का खिडकीतून त्यांना हात करायची, जणू तिचीच मिरवणूक चालली आहे. त्या दोघांना इतकं हसताना मी दुसऱ्या कुठल्याच दिवशी पाहिलं नाही.

आता आजोबा विसराळू झाले होते, हेही खरं. दोनदा नळ उघडा राहिला. एकदा चार्जरची वायर त्यांनी भिंतीला लावली आणि गाडीला लावायचीच राहिली. सकाळी मालकांना नेमकी गाडी हवी होती, आणि गाडी ठार रिकामी! मालकांनी त्या दिवशी जो दंगा केला, त्याने माझं रबरसुद्धा हललं. तेव्हापासून "बाबांची गाडी बंद करायला हवी" असं रोज जेवताना निघायचं. आजोबा मान खाली घालून म्हणायचे, "नळ वेगळा, गाडी वेगळी. गाडीत मी चुकत नाही."

मग मागच्या रविवारी संध्याकाळी ते घडलं. मालक आणि सूनबाई बाहेर गेले होते. परत येताना एका चार्जिंगच्या जागी गाडी लावून दोघं आत बसले होते. मालकांना फोन आला. ऑफिसात ज्या खुर्चीवर त्यांचा डोळा होता, ती त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला मिळाली होती. मालक "अभिनंदन, अभिनंदन" असं दोनदा म्हणाले. फोन ठेवला. आणि मग तोच फोन त्यांनी अंगातली सगळी ताकद लावून समोर भिरकावला.

समोर मी होते.

फोनचा धातूचा कोपरा माझ्या पोटात बसला. आरशाच्या खाली, आतल्या बाजूला, चण्याएवढा तारा उमटला. फोनला धातूच्या कोपऱ्यांचं जाड कव्हर होतं, त्याला काहीही झालं नाही.

"काय केलंस हे?" सूनबाई म्हणाल्या.

"एवढासा तर आहे. कुणाला दिसतोय?" असं म्हणून मालकांनी फोन उचलला आणि शर्टाला पुसला. मला नाही, फोनला.

मित्रांनो, आतापर्यंत मी या माणसाला अहो-जाहो केलं. यापुढे करणार नाही.

सोमवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. मी धुरकट झाले होते. सूनबाईंना उशीर होत होता, म्हणून आजोबांनी मला पुसायचं सोडून गरम हवेचा झोत लावला. बाहेरून गार आणि आतून गरम. तारा पडलेली काच हे सहन करू शकत नाही. पहिल्याच चौकात टक् असा आवाज झाला आणि ताऱ्यातून निघालेली चीर सरसर डाव्या काठापर्यंत गेली. गाडीच्या पडद्यावर अक्षरं आली की पुढचा कॅमेरा बंद आहे. आजोबांनी वेग कमी केला.

"खडा लागला वाटतं गं! मला दिसला कसा नाही?"

सूनबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "लागला असेल." आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. बँक येईपर्यंत त्यांना ते सापडलं नाही.

घरी आल्यावर आजोबांनी स्वतःच मुलाला फोन करून सांगितलं. चोरीची तक्रार चोराकडेच करावी, तसं झालं ते. संध्याकाळी मुलगा आला, माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. तेव्हा त्याला एक वाक्य बोलता आलं असतं. मी वाट बघत होते. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही काय करून ठेवलंत हे?"

आजोबांना ते फार लागलं. ते म्हणाले, "हे बघ, उद्या काचवाल्याकडे मीही येतो. त्यालाच विचारू. बाहेरून खडा लागला असेल तर त्यात माझा दोष नाही, आणि गाडी मी चालवणार. खड्याचं काही निघालं नाही, तर किल्ली तुझ्या हातात देतो. मग तर झालं?"

"झालं," मुलगा म्हणाला.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

काल मंगळवारी आम्ही सगळे या दुकानात आलो. आजोबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दुकान चालवते ती एक बाई. तिला इथे सगळे ताई म्हणतात. नखांत काच चिकटवायचं काळं सिलंट कायमचं बसलेलं, बोलणं कमी. तिचा दीर हाताखाली असतो, त्याला ती भावजी म्हणते. ताईने मला काही विचारलं नाही. तिने बाहेरून माझ्या चिरेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख सरळ निघून गेलं. मग ती आत बसली आणि आतून नख फिरवलं. नख अडलं. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं.

"खडा नाही हा," ती म्हणाली. "खडा असता तर खळगा बाहेर पडला असता. बाहेरची बाजू गुळगुळीत आहे. मार आतून लागलाय."

मला वाटलं, सुटले बिचारे आजोबा! मी मुलाच्या तोंडाकडे बघत होते. ते पांढरंफटक पडलं होतं. त्याची नजर इकडे गेली, तिकडे गेली, आणि आजोबांच्या मनगटावर येऊन थांबली. आणि त्याच्या तोंडावर पुन्हा रंग आला.

"बाबा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काच आतून कोण पुसतं?"

आजोबा गोंधळले. "मीच पुसतो की. रोज."

"घड्याळ घालून?"

आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. सव्वातीन वर्षं त्यांनी मला पुसलं, तोच त्यांचा गुन्हा ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी माझ्या अंगावरच्या चिरेतून बघत होते.

"घड्याळाने असा तारा पडत नाही साहेब," ताई म्हणाली. "काहीतरी जोरात येऊन आदळलंय."

"तुम्ही काचा बसवता की चौकी चालवता?" मुलगा म्हणाला. "बदलायची तेवढी बदला."

ताईने हत्यारांची पेटी पुढे ओढली. पोटासाठी माणसं गप्प होतात, मी बघितलंय.

"पण मला आठवत कसं नाही?" आजोबा स्वतःशीच पुटपुटले.

"नळ तरी कुठे आठवला होता?" मुलगा म्हणाला.

मग मला काढायला घेतलं. आधी आरसा काढला, मग कॅमेरा. माझ्या काठाच्या सिलंटमधून एक बारीक तार आरपार घातली. ताई बाहेरून ओढते आणि भावजी आतून, कर्रकर्र, कर्रकर्र, असं सगळ्या बाजूंनी मला सोडवलं. दुखलं का, असं विचारू नका. तुमचा दात पडला तेव्हा तुम्हाला निदान आईने जवळ घेतलं असेल. रबराच्या दोन मोठ्या मुठी माझ्या पाठीवर चिकटवून दोघांनी मला उचललं. चीर गेलेली काच वाकते, म्हणून आजोबा कोपरा धरायला धावले.

"बाबा, लांब व्हा! आणखी काहीतरी फोडाल!"

आजोबांनी हात मागे घेतले आणि ते पाठीमागे धरून उभे राहिले. शाळेत शिक्षा झालेला मुलगा उभा राहतो ना, अगदी तसे.

मला भिंतीला लावून ठेवलं आणि माझ्या जागी नवी बसवली. गोरीगोमटी, कोरी करकरीत, आणि तोरा तर असा, की विचारू नका. मीही अशीच होते म्हणा. काठाने काळं सिलंट ओढलं, ती अलगद टेकवली, वरून चिकटपट्ट्या लावल्या. ताईने सगळ्यांना बजावलं, "आता एक तास गाडी हलवायची नाही. खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्यात. आणि दार आपटायचं नाही. आतली हवा दाबली जाते आणि ओली काच उचलली जाते."

आजोबांचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी तो घेतला आणि दोन्ही हातांनी दार इतक्या हळू लावलं, की आवाजच आला नाही. दहा मिनिटांनी मुलगा गाडीशी गेला. सीटवरचा फोन घेतला. फोनवर त्या नव्या खुर्चीवाल्याचा निरोप होता. त्याने तो वाचला आणि दार धाडकन आपटलं.

नवीचा वरचा कोपरा टुणकन उडाला.

"साहेब! आत्ताच सांगितलं ना!" ताई धावत आली.

"दार आहे ते, लोणी नाही!" तो म्हणाला.

ताईने कोपरा दाबून धरला, निघालेलं सिलंट पुसून नवं भरलं. तास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. काम करता करता तिने त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. फोनच्या धातूच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग मान वळवून भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे, माझ्या चण्याएवढ्या ताऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. मी आनंदाने आणखी तडकायची बाकी होते!

ताईने चहाचा कप घेतला आणि ती बाकावर आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. मुलगा आणि सूनबाई दोन हातांवर उभे होते. मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "काका, ही काच तुम्ही फोडली नाही. पंधरा वर्षं काचा काढतेय मी, माझं ऐका. तुमच्या हाताने हे होणारच नाही."

आजोबांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम शांत झाला होता. मला त्या शांतपणाची भीती वाटली.

"नाही हो ताई," ते म्हणाले. "माझ्याच हातून झालं. आठवलं मला आत्ता."

"काय आठवलं?"

"शनिवारी सकाळी. मी पुसत होतो. फडकं आरशाला अडकलं, म्हणून जोरात झटका दिला, आणि घड्याळ लागलं. आवाज आला की खट् असा. मी मनात म्हटलं, काही झालं नाही, चालायचंच. आणि कुणाला बोललो नाही." ते मुलाकडे वळले. "मी लपवलं रे तुझ्यापासून. चूक झाली."

मित्रांनो, शनिवारी आजोबा तापाने अंथरुणात होते. शनिवारी मला कुणीही पुसलं नव्हतं. पण आजोबा खोटं बोलत नव्हते, त्यांना आता खरंच तसं आठवत होतं.

सूनबाईंना हे माहीत होतं. त्यांनीच तर त्या दिवशी दोनदा ताप मोजला होता. त्यांचं तोंड उघडलं. "बाबा, शनिवारी तर तुम्ही..."

मुलाने त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"शनिवारी काय?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही," सूनबाई म्हणाल्या.

आजोबांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलाच्या तळहातावर ठेवली. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तेही खिशात टाकलं. "पुन्हा कशाला लागायला नको," असं म्हणाले. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता, तो ते दुसऱ्या हाताने झाकून बसले.

"आक्काला तेवढं कळव," ते थोड्या वेळाने म्हणाले. "म्हणावं, उद्या नाही जमायचं."

"कळवतो."

"आणि म्हणावं, वाट बघू नकोस. पुढच्या बुधवारीही नाही."

"कळवतो म्हटलं ना बाबा!"

त्याच्याकडे त्या वृद्धाश्रमाचा नंबरच नव्हता. त्याने तो मागितलाही नाही.

ताई उठली आणि चहाचा कप मोरीत ओतून आली. तास झाल्यावर तिने गाडी सपाट फरशीवर घेतली. गाडीसमोर काळ्यापांढऱ्या चौकोनांचा मोठा फलक उभा केला. फीत लावून अंतर मोजलं, पुन्हा मोजलं, मग यंत्र जोडलं. नव्या काचेतून कॅमेऱ्याला सरळ दिसतंय की नाही, हे त्यावरून ठरतं. केसभर इकडेतिकडे झालं तर गाडी भलतीकडेच ब्रेक लावते. सगळे श्वास रोखून बघत होते. यंत्राने हिरवा दिवा दाखवला. "बरोबर बघतोय," भावजी म्हणाला, आणि मुलाने समाधानाने मान हलवली. एका कॅमेऱ्याला खरं दिसावं म्हणून पाच माणसांनी अर्धा तास घालवला.

मुलगा चाकामागे बसला. सूनबाई त्याच्या शेजारी बसल्या. आजोबांना कुणी काही सांगितलं नाही. ते आपणहून मागचं दार उघडून मागे बसले. गाडी दुकानातून निघाली. ना धूर, ना आवाज.

आज बुधवार आहे. उद्या भंगारवाला येईल आणि मला घेऊन जाईल. प्लास्टिकच्या पापुद्र्यामुळे माझा चुरा करणं जिकिरीचं असतं, म्हणून तोही मला शिव्याच देईल. द्या म्हणावं. अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही वस्तू हात जोडून सांगतो, की आमची काळजी घ्या, आम्हाला जपा. मी तसं काही सांगणार नाही. ज्याने मला जपलं, त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. मी काच आहे. मला काढायला आणि दुसरी बसवायला एक दुपार पुरते. तेव्हा राग आला तर खुशाल फेका फोन, फोडा काच, मला त्याचं काही वाटणार नाही. फक्त त्यानंतर तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, "मी फोडली" एवढं म्हणा. तेवढंही जमणार नसेल, तर मित्रांनो, कृपा करा आणि मोठे होऊ नका.